दिवाळीनंतरचा कोबा

घरासमोरचे अंगण सिमेंटचे करून घ्यायचा निर्णय चंद्रपूर-गडचिरोलीकडे बहुतेक घरांत एका गाडीपायी होतो. मोटरसायकल शेणाने सारवलेल्या अंगणातही उभी राहते. मग चारचाकी येते, किंवा शेतावरचा ट्रॅक्टर रात्री घरी उभा राहू लागतो. मृगाच्या पहिल्या पावसात चाके रुततात, अंगणात दोन खोल चाकोऱ्या उमटतात आणि घरातले म्हणतात, फाटकापासून ओसरीपर्यंत कोबा करून टाका. मिस्त्री येतो, पावलांनी जागा मोजतो आणि सांगतो, "भाऊ, अठरा पोती धरा."

त्याचा हिशेब चोख असतो. ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि पाच इंच जाड कोबा म्हणजे सव्वादोन घनमीटर काँक्रीट. एक भाग सिमेंट, दीड भाग रेती, तीन भाग गिट्टी या प्रमाणात घनमीटरला आठेक पोती लागतात. अठरा पोती झाली. चूक पोत्यांच्या संख्येत नसते. कोबा कुठल्या महिन्यात टाकला, कशावर टाकला आणि टाकल्यावर किती दिवस ओला ठेवला, या तीन गोष्टींत ती असते. आणि या तिन्ही गोष्टी पाण्याच्या आहेत.

महिन्याचीच गोष्ट आधी. पाऊस संपला की धानाची कापणी, मग मळणी, पलीकडे वरोरा-राजुऱ्याकडे कापसाची वेचणी. हाताला सवड मिळते ती एप्रिल-मे महिन्यांत. लग्नेही तेव्हाच असतात आणि मांडवासाठी अंगण नीट हवे असते. आमच्या चंद्रपूरच्या घरचा पहिला कोबा असाच, पुतणीच्या लग्नाच्या तोंडावर, मे महिन्यात टाकला गेला. सकाळी दहाला मिक्सर सुरू झाला, दुपारी तीनला रंधा फिरवून काम संपले आणि माणसे जेवायला बसली. जेवण होईतो कोब्यावर तिरप्या, एकमेकींना समांतर भेगा उमटल्या होत्या. बोटभर लांब काही, हातभर लांब काही. मिस्त्रीने वरून कोरडे सिमेंट भुरभुरवले आणि थापीने भेगा बुजवल्या. पहिल्या पावसाळ्यानंतर त्या तिथेच, त्याच रेषांत, पुन्हा दिसू लागल्या. सात वर्षांनी तो कोबा आम्ही फोडला.

त्या दुपारी काय झाले, हे समजायला सिमेंट म्हणजे काय ते आधी पाहावे लागते. आणि त्यासाठी या जिल्ह्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. कोरपना-राजुरा भागात जमिनीखाली चुनखडकाचे जाड थर आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना पैनगंगा गटातले खडक म्हणतात. सुमारे अब्जभर वर्षांपूर्वी इथे असलेल्या समुद्राच्या तळाशी ते साचले. या दगडावरच आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, नारंडा इथले सिमेंट कारखाने उभे आहेत, आणि घुग्घुसचा त्यांच्याही आधीचा. चुनखडक आणि चिकणमाती दळून भट्टीत साडेचौदाशे अंशांपर्यंत तापवली की त्यांचे काळपट करडे गोटे होतात. त्याला क्लिंकर म्हणतात. त्यात थोडा जिप्सम घालून दळले की सिमेंट तयार.

या भुकटीला पाणी मिळाले की ती पाणी पिते. पिते म्हणजे ते शोषून ठेवते असे नाही. पाण्याशी रासायनिक संयोग होऊन तिचे नवे, दगडासारखे स्फटिक आणि चिवट लगदा तयार होतो. सिमेंट 'वाळते' असे आपण सहज म्हणतो, पण वाळले की ते मरते. ओले असेपर्यंतच ते वाढते. सात दिवस ओले राहिलेले काँक्रीट आपल्या २८ दिवसांच्या ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांशापर्यंत पोचते. तिसऱ्या दिवशी कोरडे पडलेले पुढे कधीच पुरते भरून येत नाही. वरून ते टणक दिसते, हीच फसगत आहे.

आपल्याकडच्या पोत्यांची आणखी एक खासियत आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे. आपल्या देशी कोळशात राख पुष्कळ असते, त्यामुळे तिथून निघणाऱ्या राखेचे डोंगर होतात. राखेचा उपयोग बांधकामात व्हावा म्हणून केंद्र सरकारने १९९९ मध्ये अधिसूचना काढली. कारखाने ही उडती राख सिमेंटमध्ये मिसळतात आणि त्याच्या पोत्यावर 'पीपीसी' छापलेले असते. भारतीय मानकानुसार त्यात १५ ते ३५ टक्के राख असते. हे सिमेंट हलके किंवा भेसळीचे आहे, असा समज गावोगाव ऐकू येतो. तो खोटा आहे. राखेचे सूक्ष्म गोल कण मिश्रण सुलभ करतात, आणि पुढे महिनोन्‌महिने या सिमेंटची ताकद वाढत राहते. फक्त ती सावकाश वाढते. म्हणून त्याला पाणी अधिक दिवस लागते. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि राखेच्या सिमेंटला किमान दहा दिवस सतत ओलावा, कोरड्या उष्ण हवेत कोणत्याही सिमेंटला दहाच्या खाली नाही, आणि राखेच्या सिमेंटला शक्यतो चौदा, असे आयएस ४५६ हे आपले मानक सांगते. चंद्रपूरची हवा कोरडी उष्ण आणि पोते राखेचे, तेव्हा चौदा दिवस हीच आपली खरी मुदत. बहुतेक अंगणांना तीन दिवस, तेही सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडलेले पाणी मिळते. मधल्या वेळात कोबा कोरडाच असतो.

आता त्या मे महिन्याच्या दुपारकडे परत येऊ. ताज्या काँक्रीटमध्ये गिट्टी आणि रेती जड म्हणून खाली बसतात आणि थोडे पाणी वर येते. पृष्ठभागावर पाण्याची चकाकी दिसते ती त्यामुळे. हे पाणी वर येण्याचा वेग ठरलेला असतो. ऊन, वारा आणि कोरडी हवा त्याहून वेगाने ते उडवू लागली की पृष्ठभाग आकसतो. खालचे काँक्रीट अजून मऊच असते, वरच्या सायीला ओढून धरायची ताकद कुणातच नसते, आणि ती फाटते. एका चौरस मीटरवरून तासाला एक किलो पाणी उडू लागले की धोका, अशी रेषा काँक्रीटच्या अभियंत्यांनी आखली आहे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत वरच्या बाजूला असतात. पारा ४५-४६ वर जातो, काही वर्षी ४७ ओलांडतो, आणि झळा सुरू असतात. अशा दुपारी ती रेषा सहज ओलांडली जाते. शिवाय सकाळी टाकलेल्या काँक्रीटची स्वतःची उष्णता दुपारीच बाहेर पडू लागते, म्हणजे आतून आणि वरून एकाच वेळी ताप. आमच्या कोब्यावर पडलेल्या भेगा सिमेंट कमी पडल्याच्या नव्हत्या. वरची साय फाटली होती.

भारतीय मानक ब्यूरोचे आयएस ७८६१ हे मानक दोन भागांत आहे. हवा ४० अंशांच्या वर असताना काँक्रीट कसे टाकावे, हे पहिल्या भागात सांगितले आहे, आणि ५ अंशांच्या खाली असताना कसे, हे दुसऱ्या भागात. दुसरा भाग लडाख-हिमाचलसाठी. चंद्रपूरच्या माणसाला तो कधी उघडावा लागत नाही. पण मला तो वाचताना आपल्या भागाबद्दलच शिकायला मिळाले.

कॅनडातल्या टोरांटोत राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या घरासमोरचा कोबा पाच हिवाळ्यांत उखडला. त्याने फोटो पाठवले, तेव्हा पृष्ठभागाचे नाण्याएवढे पापुद्रे निघालेले दिसत होते आणि मधला एक खण उंचवट्यासारखा वर आलेला. तिथे शत्रू दोन. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरलेले पाणी गोठले की सुमारे नऊ टक्के फुगते आणि आतून कोबा फोडते. बर्फ वितळावा म्हणून टाकलेले मीठ हे आणखी वाढवते. यावर तिकडे जो उपाय निघाला तो मला विलक्षण वाटतो. काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात, आकारमानाच्या पाच ते आठ टक्के. गोठणाऱ्या पाण्याला सरकायला जागा मिळते. अमेरिकेत टी. सी. पॉवर्स यांनी १९४०च्या दशकात यामागचे गणित मांडले: कोणत्याही ठिकाणापासून बुडबुडा साधारण एक-पंचमांश मिलिमीटरच्या आत असला पाहिजे. दुसरा शत्रू जमिनीत. खालच्या मातीत पाणी मुरलेले असले की तेही गोठते, माती फुगते आणि कोबा खालून उचलला जातो. वसंतात ती बसते, पण पूर्वीच्या जागी बसत नाही.

हे वाचले आणि वाटले, ही तर आपल्या कन्हारीची गोष्ट.

झाडीपट्टीत मातीला नावे आहेत. कन्हार म्हणजे काळी, भारी, चिकट माती. मोरंड तिच्याहून थोडी हलकी. सिहार पिवळसर, रेताड, धानाची. खरडी, बरडी म्हणजे उथळ, मुरमाड. चंद्रपूरच्या पश्चिमेकडे वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पट्ट्यात काळी माती जास्त. मूल, सिंदेवाहीपासून पुढे गडचिरोलीकडे सिहार आणि मुरमाड जमीन वाढत जाते. काळ्या मातीतल्या खनिजांची रचना पुस्तकाच्या पानांसारखी असते. पाणी पानांच्या मध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेले की आकसते आणि शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. टोरांटोत बर्फ जे करतो ते राजुऱ्यात पाऊस करतो. मे महिन्यात ही माती सर्वांत आकसलेली असते. नेमका तेव्हा तिच्यावर कोबा टाकला की पहिल्याच पावसाळ्यात ती खालून उठते. कडेने पाणी आधी शिरते म्हणून कडा आधी उचलल्या जातात, आणि कोबा मध्यातून मोडतो. मग आपण म्हणतो सिमेंट खराब होते.

खालच्या जमिनीने दगा दिला तर वर कितीही काँक्रीट असून उपयोग नाही, याचे फार मोठे उदाहरण आपल्या शेजारीच घडले. सिरोंचा तालुक्याच्या काठाला गोदावरीवर मेडिगड्डा बॅरेज आहे. सुमारे दीड किलोमीटर लांब, २०१९ मध्ये सुरू झालेले. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच्या सातव्या खंडातले खांब खचले. राष्ट्रीय धरण सुरक्षा प्राधिकरणाच्या तपासात पायाखालची रेती पाण्याबरोबर वाहून गेल्याचे कारण पुढे आले. अंगणातला कोबा आणि नदीवरचे बॅरेज यांची तुलना करणे धाडसाचे आहे हे मला कळते. पण कोब्याच्या कडेला पागोळ्यांचे पाणी पडून खालचा मुरूम धुपतो आणि एक दिवस गाडीच्या चाकाखाली कोपरा तुटतो, तेव्हा घडलेले त्याच जातीचे असते.

तेव्हा काळ्या मातीवर कोबा करायचा तर आधी माती काढा. निदान दीड फूट. ती परसबागेत टाका, झाडे आनंदाने घेतील. त्या जागी मुरूम भरा, अर्ध्या-अर्ध्या फुटाचा थर करून, प्रत्येक थराला पाणी देऊन आणि धुम्मस किंवा रोलरने ठोकून. एकदम दीड फूट मुरूम ओतून वरून ठोकला तर वरचे सहा इंच घट्ट होतात आणि खालचे पोकळ राहतात. जिथे काळी माती दोन पुरुष खोल आहे तिथे ती सगळी काढणे शक्य नसते. तिथे खोदलेल्या तळाच्या मातीत चार-पाच टक्के चुना मिसळून ठोकला की तिचे फुगणे बरेच कमी होते. सिहार किंवा मुरमाड जमिनीवर हे फारसे लागत नाही, वरची भुसभुशीत माती काढून ठोकणे पुरते. गडचिरोलीतली कित्येक साधी अंगणे वीस-वीस वर्षे टिकली आहेत ती या जमिनीच्या कृपेने.

उतार मीटरमागे दोन सेंटिमीटर, घरापासून दूर. सहा मीटरला बारा सेंटिमीटर होतो. लोकांना तो जास्त वाटतो, पण इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आणि कोबा घराच्या जोत्याला चिकटवू नका. मध्ये अर्ध्या इंचाची डांबरी पट्टी किंवा थर्माकोल ठेवा. उन्हात कोबा वाढतो, त्याला सरकायला जागा हवी. नाहीतर तो जोत्याला ढकलतो किंवा स्वतः उचलला जातो.

सांध्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचे आहे, कारण आपल्या मिस्त्रींचा इथे सर्वांत जास्त विरोध होतो. अखंड, सलग, आरशासारखा कोबा ही त्यांच्या कामाची शान असते आणि त्यांचा हात खरोखर तसा असतो. पण बारा मीटर सलग कोबा वाळताना चार-पाच मिलिमीटर आकसतो. जमिनीने त्याला धरून ठेवलेले असते, म्हणून तो कुठेतरी तुटणारच. कुठे तुटायचे हे आपण ठरवावे, एवढाच सांध्याचा अर्थ. पाच इंची कोब्याला तीन-साडेतीन मीटरपेक्षा लांब खण नको, आणि खण शक्य तितका चौरस. त्यासाठी एक आड एक खण टाकता येतो, बुद्धिबळाच्या पटासारखा. किंवा सलग टाकून नंतर कटर मशीनने जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत चीर पाडता येते. चीर पाडायची वेळ मोलाची असते. कडा उखडू नयेत इतका कोबा घट्ट झाला पाहिजे आणि स्वतःहून तुटायला लागलेला नसावा. उन्हाळ्यात हे पाच-सहा तासांत, हिवाळ्यात दहा-बारा तासांत येते. 'उद्या सकाळी करू' म्हटले की मे महिन्यात उशीर झालेला असतो. घरातल्या फरशीच्या कोब्यात हेच मिस्त्री काचेच्या पट्ट्या बसवून खण पाडतात. बाहेर मात्र विसरतात.

लोखंडी जाळीने भेग पडत नाही, असा समज आहे. जाळी भेग अडवत नाही. पडलेली भेग रुंदावू देत नाही. तीही जाळी वरच्या तिसऱ्या भागात असेल तर. जमिनीवर अंथरून तिच्यावर काँक्रीट ओतले तर ते लोखंड मातीत घातले असे समजा.

मिश्रणातले पाणी ही शेवटची गोष्ट, आणि रोजच्या भांडणाची. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटर पाणी, रेतीतला ओलावा धरून. तेवढ्याने मिश्रण घट्ट वाटते, घमेल्यातून सुटत नाही, रेजांचे हात भरून येतात, आणि कुणीतरी ओरडतो, "पाणी वाढव रे!" शिकागोच्या डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्येच दाखवून दिले होते की काँक्रीटची ताकद सिमेंट आणि पाणी यांच्या गुणोत्तरावर ठरते. पंचवीसच्या जागी बत्तीस लिटर झाले की ताकदीचा पाव ते तिसरा हिस्सा जातो. मजुरांचा त्रास खरा आहे. त्यावर उपाय व्हायब्रेटर हा आहे. रेतीचीही परीक्षा घरच्या घरी होते. वैनगंगेची रेती नावाजलेली, पण ट्रॉलीत आलेली रेती तिचीच आणि धुतलेलीच असेल असे नाही. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत रेती घाला, पाणी आणि चिमूटभर मीठ टाकून हलवा, काही तास ठेवा. बारा सेंटिमीटर रेतीवर एक सेंटिमीटरपेक्षा जाड गाळ बसला तर ट्रॉली परत पाठवा. आणि पोत्यावरची तारीख पाहा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची सुमारे पंधरा-वीस टक्के ताकद गेलेली असते. भामरागडसारख्या ठिकाणी, जिथे पर्लकोटा नदीला पूर आला की दिवसेंदिवस वाट बंद व्हायची, पावसाळ्याआधी भरून ठेवलेल्या पोत्यात गाठी होणे ठरलेलेच. बोटाने न फुटणारी गाठ असेल ते पोते कोब्यात घालू नये.

जुना कोबा बदलायचा असेल तर फोडण्याआधी तो वाचा. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील तर तो उन्हाचा आणि कमी पाण्याचा दोष. दिसायला वाईट, पण कोबा अजून पुष्कळ वर्षे चालेल. आरपार गेलेली सरळ भेग आणि दोन्ही बाजू एका पातळीत असतील तर सांधा द्यायचा राहिला होता. ती स्वच्छ करून भरा आणि सोडून द्या. पण भेगेची एक बाजू वर आणि एक खाली असेल, बोट अडखळत असेल, तर जमीन हलली आहे. सब्बल उलटी धरून कोब्यावर ठोकत जा. भरीव जागी आवाज टणक येतो, पोकळ जागी डबडब. पोकळ आणि उचललेले खण फोडावेच लागतात. त्यांच्यावर इंचभर नवा थर लिंपून काम भागवण्याचा सल्ला अनेक जण देतील. तो थर दोन पावसाळेही काढत नाही. जुन्याशी त्याचा जीव जुळत नाही आणि खालची भेग सरळ वर येते. हा खर्च मी स्वतः केला आहे, म्हणून निक्षून सांगतो.

खण पाडलेला कोबा असेल तर बिघडलेला एक खण तेवढा काढता येतो, हा सांध्यांचा दुसरा फायदा. फोडलेले तुकडे नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला टाकू नका. मुठीएवढे करून मुरमाच्या खाली सोलिंग म्हणून बसवा. आमच्या जुन्या कोब्याचे सगळे तुकडे नव्याच्या पोटात गेले.

नवा करताना आम्ही सबंध अंगण झाकले नाही. चाकोरीपुरताच कोबा केला: अडीच-अडीच फुटांच्या दोन पट्ट्या, मध्ये आणि दोन्ही बाजूंना माती. अठराऐवजी नऊ पोती लागली. पाऊस मधल्या जमिनीत मुरतो, कडुलिंबाच्या मुळांना मिळतो, आणि संध्याकाळी अंगण तापलेल्या तव्यासारखे होत नाही. मधल्या पट्टीवर सकाळी सडा पडतो आणि रांगोळीही निघते. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी पट्ट्या तीन फुटी आणि सहा इंच जाड कराव्यात. मोटारीपेक्षा त्याच्या चाकांतले अंतर वेगळे असते, आधी मोजून घ्यावे.

गावातल्या सिमेंट रस्त्यांनाही महिन्याचे आणि पाण्याचे हेच गणित लागू आहे, आणि तिथे माझी एक तक्रार आहे. निधी यायला वेळ लागतो, कामाचा आदेश हिवाळा सरल्यावर निघतो, आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. त्यामुळे गल्लीतला रस्ता नेमका मार्च ते मे या काळात पडतो, विहिरी आटलेल्या असताना. अठरा चौरस मीटरच्या अंगणावरून उन्हाळ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडते असे धरले तरी रोज १८० लिटर लागतात. शंभर मीटर लांब, तीन मीटर रुंद रस्त्याला तीन हजार लिटर. प्यायला टँकर येणाऱ्या गावात रस्त्याला चौदा दिवस रोज एवढे पाणी कोण देणार? हेच काम नोव्हेंबरात झाले तर तेच सिमेंट, तीच माणसे आणि तोच पैसा दुप्पट टिकाऊ रस्ता देऊ शकतात, असे माझे मत आहे. ग्रामसभेत रस्त्याचा ठराव होतो तेव्हा महिन्याचाही ठराव करून घ्या.

कारण आपला हिवाळा हा काँक्रीटचा सोबती आहे. डिसेंबरात रात्री पारा आठ-दहा अंशांवर उतरतो. टोरांटोसारखा गोठवत नाही, फक्त सिमेंटचे काम सावकाश करतो, आणि सावकाश झालेले काम जास्त मजबूत होते. विहिरी, बोड्या भरलेल्या असतात. आणि कोबा झाकायला लागते ती वस्तू खळ्यावर ताजी पडलेली असते: तणस. थंड देशांत कोवळ्या काँक्रीटची ऊब जाऊ नये म्हणून त्याच्यावर गवत-पेंढा टाकायची जुनी रीत आहे. आपण ओलावा जाऊ नये म्हणून टाकायचे. आम्ही दुसऱ्या वेळी दुपारी चारनंतर काम सुरू केले, रात्री बल्बच्या उजेडात रंधा फिरवला, वरून झाडूने हलक्या रेघा ओढल्या म्हणजे पावसात पाय घसरू नये. सकाळी पट्ट्यांच्या कडेने मातीची पाळ घातली, धानाच्या बांधीला घालतात तशी, आणि दोन बोटे पाणी भरले. तिसऱ्या दिवसापासून भिजवलेली तणस पसरली. आमची आई रोज पहाटे आणि रात्री त्यावर घागर रिकामी करी. नातवंडांना तिने ताकीद दिली होती, कोबा ओला दिसला नाही तर मला सांगा.

तेव्हा तुमच्या घरी कोबा करायचा असेल तर लग्न पुढे असले तरी घाई करू नका. माती मे महिन्यात काढा, मुरूम भरून ठोकून ठेवा, त्याच्यावरून एक पावसाळा जाऊ द्या. दिवाळी झाली, कापणी उरकली की सिमेंट आणा, आणि चौदा दिवस घरातले एक माणूस पाण्यासाठी मोकळे ठेवा. सातव्या दिवशी त्यावरून चालत जा, मोटार चौदा दिवसांनंतर न्या, ट्रॅक्टर मात्र अठ्ठावीस दिवस बाहेरच उभा करा.